तीन तुकडे, मग थांबा

पापलेटाचे तुकडे करून ते समुद्रात फेकायचे आणि त्यांच्या लालचेनं आलेला कुपा धरायचा, असं कुणी माझ्या आईला सांगितलं असतं, तर तिनं आधी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात पापलेट हा पाहुण्यांचा मासा. पाहुणा जेवढा मोठा तेवढं पापलेट मोठं. कुपा यायचा तो फक्त घरचीच माणसं जेवायला असली की. काळपट लाल मांसाचा, रक्ताळ, स्वस्त. मालवणकडे त्याच्या जातभाईंना गेदर म्हणतात. इंग्रजीत ट्यूना म्हटलं की त्याची किंमत एकदम वाढते, हे मला फार उशिरा कळलं.

सप्टेंबर २०२३ मधल्या एका रात्री, अकराच्या सुमाराला, अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यापासून नव्वदेक मैल दूर अटलांटिक महासागरात एका चाळीस फुटी बोटीच्या मागच्या कठड्याशी मी उभा होतो. हातात सुरी, पुढ्यात लाकडी पाट आणि पाटावर हुबेहूब पापलेटाचं पिल्लू वाटावं असा चपटा, चंदेरी मासा. त्याचं नाव बटरफिश. नुसता दिसायला सारखा नाही, तर आपल्या पापलेटाच्याच कुळातला, अगदी सख्खा चुलतभाऊ. आणि मी त्याचे तुकडे करून पाण्यात टाकत होतो. आईची मनोमन क्षमा मागितली आणि सुरी चालवली.

तिथं मी कसा पोहोचलो ते सांगतो. पत्नी गेल्याला दीड वर्ष झालं होतं. मुलगा न्यू जर्सीत असतो. ‘बाबा, तीन महिने तरी या’ असा त्याचा आग्रह होता, म्हणून गेलो. सून प्रेमळ, नातू गोड, घर मोठं. पण मुलाचं आणि माझं बोलणं दोन महिन्यांत हवा, औषधं आणि कुठल्या बटणानं काय चालू होतं यापलीकडे गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बोलणं झालं असतं. तो दरवर्षी चार मित्रांबरोबर भाड्याची बोट घेऊन रात्रभर मासेमारीला जातो. अशा छोट्या बोटींवर पैसे देणारे सहाच प्रवासी घेता येतात, असा तिकडचा नियम आहे. यंदा सहावी जागा रिकामी होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, “बाबा, येता का? रात्रभर जागावं लागेल.” मी ‘येतो’ म्हणालो. मासे खाण्यात आयुष्य गेलं, धरला मात्र एकही नव्हता. शिवाय झोप तशीही येत नव्हती.

*

दुपारी बारा वाजता मॅनस्क्वानच्या मुखातून बोट बाहेर पडली. वर कॅप्टन, खाली त्याचा मदतनीस, ज्याला तिकडे ‘मेट’ म्हणतात. बाविशीचा, हातावर जखमांचे जुने व्रण असलेला पोरगा. उरलेले आम्ही सहा जण. एक तेलुगू, एक गुजराती, एक पंजाबी, एक तिथलाच गोरा, माझा मुलगा आणि मी. सगळे मला ‘अंकल’ म्हणत. मेट मात्र ‘सर’ म्हणायचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ‘सर’ ऐकलं नव्हतं, त्यामुळे बरं वाटलं.

पाच तास नुसतं जायचं. किनारा बुडतो, मग उंच इमारती बुडतात, मग मोबाइल मुका होतो. एवढ्या लांब कशाला, असं मी विचारलं. कॅप्टननं नकाशा दाखवला. न्यूयॉर्कची हडसन नदी शहरापाशी समुद्राला मिळते, असं आपण समजतो. पण हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे चारशे फुटांनी खाली होती आणि आजचा उथळ समुद्रतळ तेव्हा उघडी जमीन होती. नदी त्या जमिनीवरून पुढे वाहत जायची. तिच्या त्या जुन्या वाटेच्या टोकाला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापासून आग्नेयेला शंभरेक मैलांवर, समुद्राखाली एक प्रचंड घळई सुरू होते. हडसन कॅन्यन. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची ही सर्वांत मोठी समुद्री घळई. काही ठिकाणी सात मैलांहून रुंद आणि तळ गाठेपर्यंत दोन-अडीच मैल खोल. वर नुसतं निळं पाणी, काही म्हणता काही दिसत नाही. खाली मात्र आख्खी सह्याद्रीची दरी.

या दरीच्या कड्यांवर प्रवाह आदळतात आणि खालचं थंड, सकस पाणी वर ढकललं जातं. दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह येतो, त्यातून सुटलेले पाण्याचे मोठाले भोवरे इकडे भरकटतात. गार आणि कोमट पाणी जिथं भिडतं तिथं बारीक मासळी जमते, म्हाकुळं जमतात आणि त्यांच्या मागावर ट्यूना येतात. कॅप्टन निघण्याआधी उपग्रहानं टिपलेले पाण्याच्या तापमानाचे नकाशे पाहतो. आमचे जुने तांडेल पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचे थवे पाहून हेच ओळखायचे. हाही पाहतो. उपग्रह आला म्हणून त्यानं पक्षी सोडलेले नाहीत.

ट्यूना हा विलक्षण मासा आहे. तो थांबत नाही, थांबला तर त्याला श्वास घेता येत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून सतत पोहत राहायचं, म्हणजे कल्ल्यांवरून पाणी वाहत राहतं. बहुतेक माशांचं रक्त भोवतालच्या पाण्याइतकंच थंड असतं. याच्या शरीरात शिरा-धमन्यांचं असं बारीक जाळं असतं की स्नायूंत निर्माण झालेली ऊब बाहेर जाऊ न देता आतच फिरवली जाते. म्हणून तो पाण्यापेक्षा गरम राहतो आणि म्हणूनच इतक्या वेगानं पळतो. त्याची नजरही तीक्ष्ण असते. दोरा जरा जाड दिसला, आमिषाची चाल जरा वेगळी वाटली, की तो वळसा घालून निघून जातो. अशा माशाला महासागरात शोधत हिंडणं हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे आपण एका जागी राहून त्याला आपल्याकडे बोलवायचं. त्या बोलावण्याला तिकडे ‘चंकिंग’ म्हणतात. चंक म्हणजे तुकडा.

*

अंधार पडला तसं कॅप्टननं इंजिन बंद केलं आणि बोट वाऱ्यावर संथ वाहू दिली. मागच्या बाजूला दिवे लावले. हिरवट उजेडाचं एक तळं पाण्यावर तयार झालं आणि थोड्याच वेळात त्यात म्हाकुळं बाणासारखी येऊ-जाऊ लागली. मेटनं बर्फातून बटरफिशची खोकी काढली. अर्धवट वितळलेला मासा कापायला सोपा, पूर्ण वितळला की त्याचा लगदा होतो. डोकं, मधले दोन-तीन तुकडे आणि शेपूट.

चार काठ्या लावल्या. दोन दोऱ्यांना शिशाचं वजन बांधून आमिष वेगवेगळ्या खोलीवर सोडलं आणि ते तिथंच राहावं म्हणून वर फुगे बांधले. वाढदिवसाला बांधतात ते, रबरी, रंगीत. हजारो रुपयांची चकरी, उत्तम काठी आणि टोकाला दोन रुपयांचा फुगा! मला फार गंमत वाटली. बाकीच्या काठ्यांवर कसलंही वजन नाही. गळ माशाच्या तुकड्यात पूर्ण लपवायचा, पाण्यात जवळजवळ अदृश्य होणारा फ्लुरोकार्बनचा दोरा जोडायचा आणि हातानं चकरीवरून दोरा ओढत सैल सोडत राहायचा.

या सैल सोडण्यातच सगळी विद्या आहे. सुटे तुकडे पाण्यात टाकले की ते प्रवाहाबरोबर मागे जात जात तिरके खाली उतरतात. गळ लावलेला तुकडा अगदी तसाच, त्याच वेगानं उतरला पाहिजे. दोरा ताणला तर तो इतरांच्या वर राहतो आणि ट्यूनाला कळतं की यात काहीतरी पाणी मुरतंय. गळाच्या वजनानं तो भरभर बुडाला तरी कळतं. म्हणून गळ लहानात लहान घ्यायचा. काही जण तर तुकड्यात थर्मोकोलचा कण खुपसतात, गळाचं वजन मारायला. आणि मासा लागला की झटका द्यायचा नाही. गळाचं टोक आत वळलेलं असतं, मासा वळून पळायला लागला की तो आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. घाई केली तर रिकामा बाहेर येतो.

“अंकल, तुम्ही काठी धरणार?” गुजराती पोरानं विचारलं. मी म्हटलं, “मला सुरी दे. काठी तुम्ही धरा.” कोकणातल्या माणसाला मासा कापायला लाज कसली?

मेटनं मला काम समजावून दिलं. तीन किंवा चार तुकडे टाकायचे. उजेडाच्या तळ्यातून ते मागे जाताना पाहायचे. शेवटचा तुकडा अंधारात दिसेनासा झाला की पुढचे तीन. तो दिसेनासा झाला की पुढचे तीन. बस्स. अशी एक वाट तयार होते, बोटीपासून निघून दूरवर आणि खोल गेलेली. त्या वाटेला आडवा आलेला ट्यूना एक तुकडा गिळतो, पुढचा शोधतो, मग पुढचा, आणि खात खात आपल्याकडे येतो. “हे किती वेळ करायचं?” मी विचारलं. “उजाडेपर्यंत, सर.”

*

तास-दीड तास मी नियमानं केलं. काही घडेना. फुगे स्थिर, काठ्या स्थिर. पोरं गप्पा मारून थकली. मला वाटलं, एवढा मोठा महासागर आणि आपण टाकतोय तीन-तीन तुकडे! कुणाला दिसणार? मी ओंजळ भरभरून टाकू लागलो. पाच-सहा ओंजळी गेल्या असतील, तेवढ्यात मेट शेजारी येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, “सर, त्यांना जेवण वाढायचं नाहीये. इकडे जेवण आहे एवढंच कळवायचंय.”

मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं मुद्दाम लिहितो. जास्त टाकलं की मासे लांबच थांबतात. त्यांना जवळ येण्याची गरजच उरत नाही, तिथल्या तिथं पोट भरतं. त्यात आपला गळ असलेला तुकडा शंभरांतला एक, तो कशाला खाल्ला जाईल? शिवाय फुकटच्या मेजवानीला निळे शार्क येतात ते वेगळेच. तासाभरापूर्वी एक काठी वाकली होती, ती शार्कनंच. दोरा सहज तोडून गेला.

मी ओशाळून ओंजळ रिकामी केली. शेजारी दोरा सोडत उभा असलेला मुलगा हसू दाबत होता.

“काय झालं?”

“काही नाही, बाबा. तुमची पत्रं आठवली.”

बँकेच्या नोकरीत दर तीन वर्षांनी बदली. त्याच्या शाळेचं नुकसान नको म्हणून पाचवीपासून त्याला पुण्याला वसतिगृहात ठेवलं होतं. ते साल १९९७. मी दर पंधरवड्याला त्याला पत्र लिहायचो. दहा-बारा पानी. त्यात अक्षर कसं काढावं, दूध का प्यावं, मित्र कसे निवडावेत, चक्रवाढ व्याज म्हणजे काय, सगळं असायचं. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या पत्रांइतकी मेहनत मी कशावर घेतली नसेल. त्याची उत्तरं चार ओळींची यायची. मला वाईट वाटायचं.

“मी पहिली दोन पानं वाचायचो,” तो म्हणाला. “बाकीची तशीच पेटीत. अजून आहेत.”

थोडा वेळ तो दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, “आई रविवारी एसटीडीवरून फोन करायची ना, ती एकच विचारायची. काय जेवलास? मग गप्प बसायची.”

ते फोन मला आठवत होते. ‘काय जेवलास’ या तीन सेकंदांच्या प्रश्नानंतर पलीकडून अर्धा अर्धा तास बोलणं यायचं. बिलाकडे पाहून मी कुरकुरायचो. हिच्याशी तो एवढं काय बोलतो, हे कोडं मला कधी उलगडलं नाही. ती काही विशेष बोलायची नाही. मध्येच ‘मग?’ म्हणायची. थोड्या वेळानं परत ‘मग?’ एवढंच.

मी तीन तुकडे टाकले. ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिलो.

*

पण जास्त टाकणं ही अर्धीच चूक. दुसरी अर्धीही त्याच रात्री माझ्याकडून झाली. दोन वाजता थर्मासमधली कॉफी निघाली. कप हातात घेऊन मी आकाश पाहत बसलो. शहराचा उजेड नसलेलं असं आकाश लहानपणी वेंगुर्ल्याला पाहिलं होतं. पाच-सात मिनिटं गेली असतील. वरून कॅप्टन ओरडला, “तुकडे कोण टाकतंय?” त्याच्या यंत्राच्या पडद्यावर एकशेवीस फुटांवर माशांच्या रेषा उमटल्या होत्या आणि पाहता पाहता पुसल्या गेल्या. वाट मध्येच तुटली होती. जिथं तुकडे संपले तिथं पोहोचलेले मासे आपल्या वाटेनं निघून गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कुणी काही बोललं नाही. पण मला मालवणकडचा एक नाखवा आठवला. १९८९ साली मी तिथल्या एका शाखेत होतो. त्याला होडीसाठी कर्ज मंजूर केलं होतं. असं कर्ज एकदम हातात देत नाहीत, टप्प्याटप्प्यानं देतात. आधी सांगाडा, मग इंजिन, मग जाळी. आणि ते बरोबरच आहे. सगळी रक्कम एकदम दिली तर त्यातली काही बहिणीच्या लग्नात जाते, काही जुन्या देण्यात, आणि होडी अर्धीच राहते. सांगाडा झाला, इंजिन बसलं. जाळ्यांचा हप्ता नारळी पौर्णिमेआधी मिळायला हवा होता. एका कागदावर एक सही राहिली होती आणि मी रजेवर गेलो होतो. आल्यावर ढिगातून तो कागद शोधायला मला वेळ झाला नाही. हप्ता दसऱ्यानंतर सुटला. पावसाळा संपल्यावरचे पहिले दोन महिने, जे दर्यावर्दी माणसाचे खरे कमाईचे, ते त्याची नवी होडी किनाऱ्यावर शाकारून उभी होती.

त्यानं तक्रार केली नाही. कर्जही पै न पै फेडलं, दोन वर्षं उशिरा. फक्त पूर्वी बँकेत आला की माझ्या टेबलाशी येऊन ‘काय सायबानू, बरां मां?’ विचारायचा, ते बंद झालं. मी नियमाबाहेर काही केलं नव्हतं. नुसता हात थांबला होता.

*

हे सगळं अमेरिकेतच चालतं असं नाही. आपल्या लक्षद्वीपमध्ये मिनिकॉय बेटाचे लोक पिढ्यान् पिढ्या ट्यूना धरत आले आहेत. त्यांची रीत वेगळी. खाजणातल्या उथळ पाण्यातली बोटभर मासळी जिवंत पकडायची, होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात जपून न्यायची आणि ट्यूनांचा थवा दिसला की ती मूठ-मूठ फेकायची. वर पाण्याचे शिंतोडे उडवायचे, म्हणजे खाली माशांना वाटतं, बारीक मासळीचा खच पडलाय. मग काठी आणि बिनकाट्याचा गळ घेऊन माणसं एकेक मासा उचलून होडीत टाकतात. त्याचा वाळवून, धुरावून मासमीन करतात, तो कोळशासारखा टणक आणि वर्षभर टिकणारा. पण तिथंही जिवंत चारा मोजकाच असतो आणि तो फेकणारा अनुभवी माणूसच लागतो. चारा आधी संपला तर समोर थवा असून हात हलवत परत यायचं. महासागर कुठलाही असो, मुठीचा हिशेब तोच.

हिशेब धरण्यालाही आहे. अटलांटिकमधल्या ट्यूनांसाठी १९६६ साली रिओ दि जानेरोत देशोदेशींचा करार झाला, कारण बोटी वाढत होत्या आणि मासे अमर्याद नाहीत हे दिसू लागलं होतं. हौशी मासेमारांना पिवळ्या परांचा ट्यूना दिवसाला माणशी तीनच धरता येतो, आणि तोही सत्तावीस इंचांहून लहान असला तर परत सोडावा लागतो. मेटजवळ मोजपट्टी होती आणि ती कोरी करकरीत नव्हती, वापरून झिजलेली होती. हे मला आवडलं. नियमाची वस्तू वापरून झिजलेली दिसली की माझ्यातला बँक अधिकारी सुखावतो.

*

तीनच्या सुमाराला सगळे पेंगत होते. मुलगा आणि मी दोघंच मागे. मी तुकडे टाकत होतो. तो म्हणाला, “बाबा, कागद भरू का?”

आदल्या वर्षी तो तिथला नागरिक झाला होता. मला कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज करायचा होता. सून दोनदा आडून बोलली होती. तो स्वतः प्रथमच विचारत होता, आणि तेही पाण्याकडे पाहत. पूर्वीचा मी असतो, तर तिथल्या तिथं तासभर बोललो असतो. मातृभूमी, स्वावलंबन, वेंगुर्ल्याचं घर, माझे वाचक, त्याच्या आईची तुळस. सगळं तोंडाशी आलंही होतं. पण हातात तुकडे होते. तीन टाकले आणि ते जाईपर्यंत गप्प राहिलो.

मग म्हटलं, “पावसाळ्यात घर बंद ठेवलं की भिंतींना ओल येते.”

“हं.”

तीन तुकडे.

“हिवाळ्यात येता येईल तुम्हाला.”

“इथल्या थंडीत? गुडघे राहतील तिकडेच.”

तो हसला. तीन तुकडे गेले.

“सप्टेंबरात यावं म्हणतो,” मी म्हटलं. “दरवर्षी. पाऊस ओसरत आलेला असतो.”

“आणि ट्यूनाही असतात,” तो म्हणाला.

बस्स, एवढंच. ठरलं काहीच नाही म्हटलं तरी चालेल. पण दोन महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं होतं.

*

पहाटे, पूर्वेला राखाडी रेघ उमटत असताना, एक फुगा सपकन पाण्याखाली गेला आणि चकरी किंचाळली. सगळे उठले. तेलुगू पोराच्या काठीची कमान झाली. मी सुरी खाली ठेवून पाहायला वळलो, तर मेट ओरडला, “सर, तुम्ही थांबू नका! थवा खाली आहे!” एक मासा लागला की खरं काम सुरू होतं. तुकडे थांबले तर बाकीचे निघून जातात. मग दुसरी काठी वाकली. आणि मग मुलाची.

त्याची झुंज वीसेक मिनिटं चालली असं नंतर कळलं. मी पाहिली नाही. माझ्या पाठीमागे तो धापा टाकत होता, पोरं ‘खेच, सोड, खेच’ ओरडत होती, मेट लांब दांड्याचा आकडा घेऊन धावत होता, आणि मी कठड्याशी उभा राहून तीन तुकडे टाकत होतो आणि ते दिसेनासे होण्याची वाट पाहत होतो. आयुष्यात एवढा संयम मी कधी केला नसेल. धप्पकन मासा डेकवर पडल्याचा आवाज आला, फळ्यांवर शेपटीचा ताशा वाजला, तेव्हाच मेट म्हणाला, “आता बघा, सर.”

पंचावन्न पौंडांचा होता. म्हणजे पंचवीस किलो. पाठ गडद निळी, बाजूला सोनेरी पट्टा आणि शेपटीकडचे बारीक पर हळदीच्या रंगाचे. झुंजीत त्याचं अंग आणखी तापलेलं असतं, तसंच ठेवलं तर मांस शिजल्यासारखं पांढुरकं होतं. म्हणून ताबडतोब कल्ल्यांपाशी कापून रक्त काढायचं, पोट साफ करायचं आणि बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. मेटच्या हातांनी हे पाच मिनिटांत केलं. मुलाचे हात थरथरत होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाबा, तुम्ही आणलात.” मी म्हटलं, “बटरफिशनं आणला.”

सहा जणांत चार मासे मिळाले. एक अर्ध्यावर शार्कनं नेला, नुसतं डोकं वर आलं. मी एकही धरला नाही, पण परतताना कॅप्टननं खाली येऊन माझ्याशी हात मिळवला. हाताला दोन दिवस बटरफिशचा वास येत होता. लिंबानं गेला नाही.

*

घरी मित्रमंडळींनी तो मासा कच्चाच, सोया सॉस लावून खाल्ला. मी निम्मा वाटा घेऊन आईच्या पद्धतीनं, आमसुलं आणि तिखट घालून सुकं केलं. आणि पुढच्या रविवारी कोरियन दुकानातून चांगले ताजे बटरफिश आणले, रवा लावून तव्यावर तळले. नातवानं तीन खाल्ले. चव? पापलेटाच्या घरात जन्मलेला मासा तो, चवीला कसा चुकेल? आईचं ऋण तेवढं फिटलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा गेलो. बोट ठरली होती, पण वारा सुटला आणि कॅप्टननं आदल्या रात्री बेत रद्द केला. त्या रात्री मुलगा आणि मी स्वयंपाकघरात बसून दोन वाजेपर्यंत बोललो. कागद अजून भरलेले नाहीत. विषय बंदही झालेला नाही. थोडा थोडा पुढे सरकतो.

वेंगुर्ल्याला परत आल्यावर मी एक केलं. पूर्वी दर रविवारी मी त्याला ठरवून फोन करायचो, समोर यादी ठेवून, तासभर. आता यादी ठेवत नाही. मधल्याच एखाद्या दिवशी, त्याच्या सकाळच्या वेळेला फोन लावतो आणि विचारतो, “काय जेवलास काल?”

मग गप्प बसतो. कठीण जातं. पण थोड्या वेळानं पलीकडून बोलणं सुरू होतं.